राखणदारापुढे अनवाणी

"मशीन क्या बोल रही है?" कर्नल भल्लांनी फोनवर विचारलं.

"लाल, सर."

"तो फिर मुझसे क्यों पूछ रही हो?"

फोन ठेवला गेला. मागे बँड वाजत होता. छावणीत दसऱ्याच्या कार्यक्रमाची तालीम चालली असावी.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पडद्यावरचं 'थांब' पुन्हा एकदा दाबलं.

मी बसले होते तो एक लोखंडी कंटेनर होता, सपाटीवरच्या छावणीच्या एका कोपऱ्यात ठेवलेला. आत एक खुर्ची, तीन पडदे, एक फोन आणि बारा महिने घोंघावणारा एसी. पाळीवर एकाच माणसानं बसायचं असा नियम होता. दोघं असले की निर्णय एकमेकांवर ढकलतात, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं. ते खोटं नसेलही. पण पाण्याची बाटली आणणारा शिपाईसुद्धा ती दाराबाहेर ठेवून निघून जायचा, तेव्हा वाटायचं, आपल्याला देवी तर निघाल्या नाहीत ना!

माझं यंत्र माझ्यापासून फार लांब होतं, उत्तरेकडच्या एका डोंगराच्या धारेवर. तिथं खडकात रोवलेली एक मशीनगन होती. ती स्वतःच बघायची, स्वतःच ओळखायची आणि नेम धरायची. सुरुवातीला मी 'हो' म्हटल्याशिवाय ती गोळी झाडत नसे. त्या उन्हाळ्यात मात्र नवीन चाचणी सुरू झाली. अनोळखी माणूस अगदी जवळच्या वर्तुळात आला तर यंत्र कुणाच्या होकारासाठी थांबणार नव्हतं. मी 'थांब' दाबलं तरच थांबणार, आणि तेही कपातली साखर ढवळून होईल एवढाच वेळ. मग पुन्हा विचारणार. आधी माझा होकार लागायचा, आता नकार लागत होता. कागदावर हा फरक फार लहान दिसायचा.

आणि आत्ता त्या वर्तुळात पाच माणसं होती.

धारेवर दाट धुकं होतं. भर दुपार असूनही साधा कॅमेरा पांढरी भिंत दाखवत होता. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढ्या पाच आकृत्या दिसत होत्या, मागेपुढे एका रांगेत, सावकाश यंत्राच्या दिशेनं येणाऱ्या. एकाही आकृतीवर हिरवी खूण नव्हती.

हिरवी खूण म्हणजे आपला माणूस. धारेखालच्या चौकीत आपले सहा जवान होते, सगळे कोल्हापूर-बेळगाव बाजूचे. प्रत्येकाच्या बुटाच्या टाचेत एक चकती बसवली होती. चकती सांगायची, हा आपला आहे. त्या चकत्या बसवायला मीच एकदा वर गेले होते. तेव्हा चौकीचे प्रमुख हवालदार धोंडीराम मगदूम यांनी मला बंकरच्या कोपऱ्यापाशी अडवलं होतं.

"मॅडम, बूट."

"काय झालं बुटांना?"

"काडा. आत द्येव हाय."

कोपऱ्यात एका फळीवर तसबीर, समई आणि उदबत्तीचं घर. बाहेर पाणी गोठलेलं, आणि मी कॅप्टन असून मुकाट्यानं बूट काढून मोज्यांवर उभी राहिले. मगदूम बिनमोज्यांचेच होते. ते हात जोडून पुटपुटत असताना माझे पाय बधिर झाले.

निघताना मी सगळ्यांना बजावलं, "चौकीबाहेर कुणीही बूट काढायचे नाहीत. चकती टाचेत आहे. बूट नाही तर तुम्ही यंत्राला परके."

"अवो मॅडम," मगदूम हसले, "हितं भाईर बूट काडून कोन फिरंल? बोटं गळून पडत्याल!"

सगळे हसले. मीही हसले. त्या यंत्राला ते 'राखणदार' म्हणायचे. "राखनदार हाय म्हनून जरा डोळा लागतो," असं एकजण म्हणाला होता. त्यानंतर मी त्यांना कधी भेटले नाही, पण रोज पाहत होते. सकाळी सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन उगवतीकडे तोंड करून उभा राहणारा ठिपका मगदूमांचा. दुपारी एकटाच खडकावर जाऊन बसणारा, बहुतेक घरच्यांची आठवण काढणारा, तो दुसरा कुणीतरी. त्यांना माझी आठवण असण्याचं काही कारण नव्हतं. माझ्यापाशी मात्र बघायला तेवढीच माणसं होती.

म्हणूनच आत्ता माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण हिरव्या खुणाही दिसत होत्या, पाचच्या पाच. यंत्राच्या अलीकडे एक मोठा खडक होता, त्याच्या मागे. थोड्या वेळापूर्वी त्या चौकीतून चढून वर आल्या होत्या. त्यात नवल नव्हतं, बर्फ झाडायला जवान अधूनमधून वर येत. पण त्या खडकामागे थांबल्या आणि मग हलेनाशा झाल्या. आणि त्याच खडकामागून हे पाच अनोळखी बाहेर पडले.

यंत्रानं हिशेब केव्हाच मांडला होता. आपले पाच जण निपचित, त्यांच्या बाजूनं पाच परके पुढे येतायत, पुढच्याच्या हातात काहीतरी वस्तू. पट्टी पिवळ्यावरून नारिंगी आणि नारिंगीवरून लाल झाली होती.

खरं सांगते, माझाही हिशेब तोच होता. महिन्याभरापूर्वी शेजारच्या डोंगरावर अशाच धुक्यात माणसं घुसली होती आणि एक अख्खी चौकी कापली गेली होती. त्या दिवशी तिथल्या यंत्राच्या खुर्चीवर बसलेला अधिकारी खात्री करत राहिला, 'थांब' दाबत राहिला. नंतर मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी जेवायला बसेना. मग त्याची बदली झाली.

मी चौकीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. सहावा जवान पहाऱ्यावर उभा असेल आणि बंकरमधला फोन त्याला ऐकू येत नसेल. किंवा तोही गेला असेल. नुसत्या घंटेवरून काय समजणार?

यंत्रानं विचारलं. मी 'थांब' दाबलं.

"मगदूम," मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "काहीतरी दाखवा मला."

मी त्या हिरव्या खुणा मोठ्या करून पाहिल्या. मेलेली माणसं कशी पडतात ते मी पाहिलं आहे. आडवीतिडवी, पडतील तशी. या खुणा एका ओळीत होत्या. आखल्यासारख्या सरळ ओळीत, एकीला लागून एक. पाच माणसं इतकी चिकटून पडूच शकत नाहीत. आमच्या घरी सत्यनारायण असला की दाराबाहेर चपला अशाच लागायच्या, आणि कुणी वाकडी काढली की आई ती पायानंच सरळ करायची.

मग मी आकृत्यांचे पाय बघितले. बुटातला पाय या कॅमेऱ्यात काळपट दिसतो, बूट ऊब बाहेर सोडत नाही. हे पाय पांढरे फटक होते. आणि त्यांच्यामागे थंडगार खडकावर उबेची पावलं उमटत होती. बोटांसकट. एक क्षण दिसायची आणि विझायची.

आज तिथी काय, ते मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या खोलीत सणवार कुठले! मग मघाचा बँड आठवला. उद्या दसरा. म्हणजे आज खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. तलवार असेल त्यानं तलवार, नसेल त्यानं विळा, कोयता, गाडीचा पाना. पलटणीत तर रायफली धुऊनपुसून मांडतात आणि झेंडू वाहतात. आणि या पाच शहाण्यांनी आपल्या चौकीतलं सगळ्यात मोठं शस्त्र पुजायला घेतलं होतं. त्याच्यासमोर बूट घालून जाणार कसे? म्हणून खडकाआड बूट काढले, कातडी पट्टे काढले, पट्ट्याला लावलेले वायरलेसही तिथंच ठेवले, आणि राखणदाराच्या दर्शनाला अनवाणी निघाले.

राखणदार त्यांच्या छातीवर नेम धरून उभा होता.

"अरे गाढवांनो," मी ओरडले. "मागे फिरा!"

यंत्रानं विचारलं. थांब.

पुढची आकृती यंत्रासमोर पोचली. तिनं हातातली वस्तू खाली ठेवली, वाकली आणि यंत्राच्या पायाला हात लावला. यंत्राच्या लेखी परका माणूस त्याच्या मुळाशी काहीतरी पेरत होता. मग दुसऱ्या आकृतीनं काहीतरी गोल वस्तू डोक्यावर उचलली आणि खडकावर आपटली. नारळ. पट्टी इतकी लाल झाली की खोलीच्या भिंती लाल दिसायला लागल्या. मग पुढच्याच्या हातात एक प्रखर ठिणगी पेटली. पडद्यावर अक्षरं आली, 'प्रज्वलन. स्फोटाची शक्यता.'

ती ठिणगी गोल फिरायला लागली. डावीकडून वर, उजवीकडून खाली. मागचे चौघे टाळ्या वाजवत होते.

त्या क्षणी माझ्या मनात तसूभरही शंका उरली नाही, आणि त्याच क्षणी यंत्राच्याही मनात उरली नाही. फक्त आम्हा दोघांची खात्री विरुद्ध होती.

थांब. थांब. मी पुन्हा कर्नलना फोन लावला. वरून आज्ञा आली तर यंत्र पूर्ण निजवता येत होतं. फोन त्यांच्या मदतनिसानं घेतला. साहब स्टेजवर आहेत, म्हणाला. मी त्याला सांगितलं की आपले जवान आहेत, पूजा चाललीय, यंत्र बंद करायला परवानगी हवी.

"मैडम, पूजा?" त्यानं विचारलं. "किसकी पूजा?"

मी फोन ठेवून दिला. एका हातानं फोन आणि एका हातानं बटण जमेना. जरा हात चुकला असता तर पाच जण आरती म्हणता म्हणता गेले असते.

आणि मगदूम म्हणजे सगळं साग्रसंगीत करणारा माणूस. एका आरतीवर भागवणारा नव्हे. एक संपली, टाळ्या थांबल्या, माझ्या जिवात जीव आला, तोच ठिणगी पुन्हा फिरायला लागली. दुसरी. मग तिसरी. मी घामानं निथळत, बटणावर बोट ठेवून त्या माणसाला विनवत होते. "आटपा हो, हवालदार. कडवी गाळा. देव रागावणार नाही." आयुष्यात इतक्या मनापासून मी कुणाशी बोलले नसेन, आणि ऐकायला एक एसी होता.

शेवटी ते सगळे एकेक करून वाकले, कपाळ खडकाला टेकवलं. एकानं नारळाचा तुकडा यंत्राच्या नळीपुढे ठेवला. तुकडे वाटले गेले. मग पाचही आकृत्या रेंगाळत खडकाआड गेल्या. आणि एकेक हिरवी खूण जागची हलली, उभी राहिली, चालायला लागली. पट्टी विझली.

माझं बोट बटणावरून उचलत नव्हतं. दुसऱ्या हातानं धरून उचलावं लागलं. मग मी टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. प्रसाद काही माझ्यापर्यंत आला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. "काय केलंस गं आज?" तिनं विचारलं.

"काही नाही. बसून होते."

दुसऱ्या दिवशी कर्नल भल्लांपुढे मी सगळं सांगितलं. बूट, चकत्या, आरती. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता.

"मशीन ने फायर किया?"

"नहीं सर, क्योंकि मैं..."

"फायर नहीं किया. बस." ते जरा पुढे झुकले. "ये सब लिखूँगा तो उस हवलदार पर इन्क्वायरी बैठेगी. रिटायर होने वाला है. उसकी पेन्शन खाओगी?"

मगदूमांना एवढंच लिहावं, की बूट काढू नका, असं मी सुचवलं. चौकीशी खाजगी बोलायचं नाही, ते म्हणाले. पलटण तशीही पुढच्या महिन्यात खाली उतरणार होती.

वर्षअखेरीस चाचणीचा निकाल आला. 'जवळच्या वर्तुळात आपले जवान असताना यंत्रानं एकदाही चुकीनं गोळी झाडली नाही.' माझा प्रत्येक नकार यंत्राच्या खात्यावर जमा झाला होता. जिथं चूकच होत नाही तिथं माणूस बसवून काय करायचं? आमचा कंटेनर बंद झाला. खुर्ची कुठं गेली मला माहीत नाही. माझी नोकरीची मुदत संपत आली होती, मी वाढवून घेतली नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. मी आता गडहिंग्लजला आईबरोबर राहते, कॉलेजात शिकवते. त्या खोलीबद्दल कुणाशी बोलले नाही. तसं लिहून दिलं होतं, आणि विचारलंही नव्हतं कुणी.

परवा बाजारात झेंडू घेत होते. शेजारी एक म्हातारा फुलवाल्याशी हुज्जत घालत होता. "ताजी दे रं. शस्त्राला व्हायची हाईत, मड्याला न्हाईत." तो आवाज ऐकला आणि माझे पाय आपोआप बधिर झाले.

"हवालदार मगदूम?"

त्यांनी डोळे बारीक केले. "चकतीवाल्या मॅडम! बूट काडाय लावलं हुतं तुमास्नी!" आणि खळखळून हसले. केस पांढरे झाले होते, दात एक-दोन गेले होते. बाकी ताठ.

चौकशा झाल्या. मग माझ्या हातातली फुलं बघून ते एकदम गंभीर झाले.

"मॅडम, कुनाला सांगाय गेलं तर हसत्यात. तुमी त्यातल्या, म्हनून सांगतो. तुमचा राखनदार जागृत हाय."

"म्हणजे?"

"खंडेनवमीला आमी त्याची पूजा केली. अनवानी. खाली आल्यावर ध्यानात आलं, अरं, चकत्या तर बुटात! तुमी बजावल्यालं की, बूट न्हाई तर परकं. आमच्या अंगावर काटा आला बगा. नळी आमच्याकडं वळल्याली, म्या सोता बगितली. पर उडवली न्हाई." त्यांनी हात जोडले. "आपली मानसं वळखली त्यानं. नुसतं यंत्र न्हाई त्ये."

हा माणूस इतकी वर्षं ज्याला हात जोडत होता तो एसीच्या खोलीत बसून त्याला शिव्या देत होता, हे त्याला कशाला सांगायचं? त्याची श्रद्धा त्याच्याजवळ राहू दे, असं वाटलं. थोडं हसूही आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"यंदा पलटन परत त्याच धारंवर गेलीया," मगदूम सांगत होते. "नवी पोरं हाईत. कालच फोन आल्ता. म्या सांगून ठेवलंय, उद्या खंडेनवमीला राखनदाराची पूजा करा. आन बूट काडून जावा. भिऊ नगा, त्यो वळखतो."

माझ्या हातातली फुलांची पिशवी खाली पडली.

"मॅडम?"

"हवालदार, त्यानं नाही ओळखलं."

"कुनी?"

मी त्यांना बाजूला घेतलं, बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं, आणि जे बोलायचं नाही असं लिहून दिलं होतं ते सगळं सांगितलं. ओळीत लावलेले बूट. उबेची पावलं. नारळ कुणी फोडला, आरत्या किती झाल्या, नळीपुढे खोबऱ्याचा तुकडा कुणी ठेवला. तो तुकडा ठेवल्याचं त्या पाच जणांशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते ऐकल्यावर त्यांचे जोडलेले हात हळूहळू सुटले आणि मांडीवर पडले.

"म्हंजी तवा तुमी हुता," ते म्हणाले.

"हो."

"एकट्याच?"

"एकटीच."

मग त्यांनी विचारलं, "आता तितं कोन बसतंय?"

"कोणी नाही."

मगदूमांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. पलीकडे कुणीतरी उचलला, वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला. ते उठून उभे राहिले, पूर्वी चौकीवर उभे राहायचे तसे, ताठ.

"आरं, म्या बोलतोय, मगदूम. नीट ऐका. बूट काडू नगा." पलीकडून पोरगं काहीतरी म्हणालं. मगदूमांचे डोळे भरून आले होते. "व्हय रं, द्येव असला तरी. त्याच्याम्होरं बूट काडायचं न्हाईत. त्यो कुनाला वळखत न्हाई."